व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिसच्या आधी सगळे एका कोपऱ्यात का गोळा होतात?

टीव्हीवर व्हॉलीबॉलची मॅच लागली की आमच्या घरी एक प्रश्न हमखास येतो, मागच्या वेळी पुतण्याने विचारला, "काका, हे सगळे असे चिकटून का उभे आहेत? अर्धं मैदान मोकळं पडलंय की." बरोबरच आहे त्याचं. बॉल तिकडून सुटायच्या आधी सहाच्या सहा जण विचित्र पद्धतीने दाटीवाटीने उभे असतात, कोणी दुसऱ्याच्या पाठीमागे लपल्यासारखा, आणि सर्व्हिस सुटली रे सुटली की कोंबड्या सोडल्यासारखे चारी दिशांना पळतात. हे का, ते एकदा कळलं ना की अर्धा व्हॉलीबॉल कळला असं समजा. हा खेळ एका नियमावर उभा आहे, रोटेशनच्या, आणि चांगल्या टीम जे काही करतात ते म्हणजे त्या नियमातून कायदेशीर पळवाट काढणं.

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. मैदान १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद, मध्ये नेट, म्हणजे प्रत्येक टीमला ९ बाय ९ चा चौकोन. नेटची उंची पुरुषांना २.४३ मीटर, महिलांना २.२४. आपल्या घरातला दरवाजा साधारण सात फुटांचा असतो, पुरुषांचं नेट जवळजवळ आठ फूट, यावरून अंदाज घ्या. प्रत्येक बाजूला सहा जण. बॉल आपल्याकडे आला की जास्तीत जास्त तीन टचमध्ये पलीकडे घालवायचा, एकाच माणसाने सलग दोनदा लावायचा नाही, आणि धरायचा तर अजिबात नाही. आपल्या चौकोनात जमिनीला टेकला की पॉइंट त्यांचा. एवढंच. आणि हो, गावाकडे मूठ आवळून जो शूटिंग व्हॉलीबॉल खेळतात तो वेगळा प्रकार, त्याची इथे गल्लत करू नका.

बॉल धरता येत नाही, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाहीये. क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल, सगळीकडे माणूस क्षणभर थांबून विचार करू शकतो, इथे नाही, इथे बॉल हाताला लागायच्या आधीच ठरलेलं पाहिजे की तो कुठे जाणार. म्हणून पहिला टच हा सगळ्यात महत्त्वाचा, आणि बघणाऱ्याचं सगळ्यात कमी लक्ष त्याच्याकडेच असतं. दोन्ही हात पुढे, कोपर सरळ, अंगठे शेजारी शेजारी, आणि बॉल मनगटाच्या थोडा वर, हाताच्या सपाट भागावर घ्यायचा. नवीन पोरं काय करतात, हात जोरात वर झोकतात, आणि बॉल जातो थेट मागच्या कंपाउंडच्या पलीकडे. हात झोकायचेच नसतात, बॉलला जोर आलेलाच असतो, आपण फक्त उतार द्यायचा, पत्र्यावर पाणी पडतं तसं. गुडघे वाकवून बॉलच्या खाली जायचं, जमलं तर दोन पावलं आधीच. पहिल्या आठवड्यात हात लालबुंद होतात, ते सगळ्यांचेच होतात.

हा पहिला टच कुठे जायला हवा? तर नेटजवळ, मध्याच्या थोडा उजवीकडे, जिथे सेटर उभा असतो. आपल्याकडे याला लिफ्टर म्हणतात, कुठे कुठे बूस्टर. दुसरा टच याचा, बॉल बोटांवर घेऊन उचलून द्यायचा, आणि तिसरा टच मारणाऱ्याचा, स्मॅश. टाळ्या तिसऱ्याला मिळतात पण खेळ चालवतो दुसरा. समोरच्या टीमचे उंच लोक नेटवर हात वर करून ब्लॉकला तयार असतात, त्यांना शेवटच्या क्षणापर्यंत कळू द्यायचं नाही की बॉल डावीकडे जाणार, मध्ये जाणार, की डोक्यावरून मागे उजवीकडे. चांगल्या सेटरचे हात तिन्ही बॉलला सारखेच दिसतात. मारणारा कितीही तगडा असो, समोर दोघा-तिघांचा ब्लॉक उभा असेल तर त्याची पंचाईतच, आणि समोर एकच असेल तर मध्यम मारणारासुद्धा हिरो. ते एक की तीन हे सेटरने ठरवलेलं असतं.

आता रोटेशन. ओट्यावर सहा वाट्या घ्या, पाच स्टीलच्या, एक पितळी. तीन-तीनच्या दोन रांगा करा. भिंतीकडची रांग म्हणजे नेटजवळची, तुमच्याकडची म्हणजे मागची. तुमच्या उजव्या हाताला मागे जी वाटी आहे ती नंबर १, तिच्या पुढे नेटजवळ २, नेटजवळ मध्ये ३, नेटजवळ डावीकडे ४, त्याच्या मागे ५, आणि मागे मध्ये ६. सर्व्हिस करायची ती १ नंबरवाल्याने. समोरच्यांची सर्व्हिस होती आणि पॉइंट आपण मारला, की सर्व्हिस आपल्याकडे येते, आणि त्याच वेळी सगळ्यांनी घड्याळाच्या दिशेने एक घर सरकायचं. २ वाला १ वर येतो आणि सर्व्हिस करतो, १ वाला ६ वर, ६ वाला ५ वर, असं. सर्व्हिस आपलीच होती आणि पॉइंटही आपणच घेतला तर कोणी सरकत नाही, तोच माणूस परत सर्व्हिस मारतो. इथे बरेच जण गोंधळतात, त्यांना वाटतं दर पॉइंटला फिरायचं.

पितळी वाटी म्हणजे सेटर. आता फिरवा वाट्या, आणि बघा पितळी वाटी कुठे कुठे जाते. सेटर हवा असतो नेटजवळ, उजवीकडे, कायम. पण नियम त्याला कधी मागे डावीकडे नेऊन टाकतो, कधी पुढे डावीकडे. तसंच जो साडेसहा फुटी माणूस ब्लॉकसाठी घेतलाय, तो फिरत फिरत मागे जातो आणि तिथे त्याला खाली वाकून बॉल उचलायला लागतो, आणि जो बुटका चपळ पोरगा रिसीव्हला, म्हणजे समोरून आलेली सर्व्हिस उचलायला, वाघ आहे तो जातो नेटवर, आठ फुटी जाळीसमोर. हाच तर नियमाचा हेतू. सगळ्यांनी सगळं केलं पाहिजे.

तुम्ही म्हणाल मग सर्व्हिस सुटली की जागा बदलायच्या ना. बदलता येतात! बॉल सर्व्हरच्या हातून सुटला की कोणीही कुठेही जाऊ शकतं, म्हणून तर ती पळापळ. पण नियम बनवणारे काही खुळे नव्हते. मागच्या रांगेचा माणूस पळत नेटपाशी आला तरी तो मागच्या रांगेचाच राहतो. त्याला ब्लॉक करता येत नाही, आणि नेटपासून तीन मीटरवर जी रेघ असते तिच्या पुढून उडी मारून नेटच्या वरच्या उंचीवरचा बॉल पलीकडे मारता येत नाही. रेघेच्या मागून उडी घेतली तर मारू शकतो, खाली पुढे पडला तरी चालतं. टीव्हीवर मागून धावत येऊन, हवेत तरंगत तरंगत जो बॉल मारतात तो हाच.

मुळात हा खेळ इतका किचकट नव्हता. १८९५ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक गावात वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेच्या विल्यम मॉर्गनने तो काढला, का, तर चार वर्षांपूर्वी शेजारच्याच स्प्रिंगफील्डमध्ये निघालेला बास्केटबॉल मध्यमवयीन धंदेवाल्या मंडळींना झेपत नव्हता, धक्काबुक्की फार. नाव ठेवलं होतं मिन्टोनेट, पुढच्याच वर्षी ते व्हॉलीबॉल झालं. तेव्हा एका बाजूला कितीही जण चालायचे आणि टचलाही मर्यादा नव्हती. म्हणजे जेवण झाल्यावर पाय मोकळे करायचा खेळ! मग १९१६ च्या सुमाराला फिलिपिन्समध्ये लोकांनी एकाने उंच द्यायचा आणि दुसऱ्याने उडी मारून हाणायचा हा प्रकार सुरू केला, आणि आरामाचा खेळ संपला. सहा माणसं, तीन टच, मागच्या रांगेवर बंधनं हे सगळं त्यानंतरच्या काही वर्षांत आलं. आशियात मात्र बरीच वर्षं नऊ जणांचा व्हॉलीबॉलही चालायचा, त्यात रोटेशनच नव्हतं, ज्याची जागा ती त्याची. १९५८ च्या टोकियो एशियन गेम्समध्ये तर दोन्ही प्रकार खेळले गेले, आणि सहा जणांच्या प्रकारात आपल्याला ब्राँझ मिळालं होतं. पुढे १९६२ ला जकार्तात सिल्व्हर. हे आज सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

आमच्या गावच्या ग्राउंडवर पण नऊ जणांसारखंच चालायचं, माणसं सहा असली तरी. संध्याकाळी फक्की मारून रेघा ओढायच्या, उंच पोरं नेटला, वयस्कर मागे, रोटेशन वगैरे कोणाच्या गावी नाही. मग एकदा तालुक्याच्या स्पर्धेत उतरलो. तिथे लाइनअपची चिठ्ठी द्यायला लागते, कोण कुठल्या नंबरला. आम्ही पाठ करून गेलो होतो, वाट्या नव्हत्या, बाटल्यांची बुचं घेऊन. तिसरा सेट, २२-२२, त्यांची सर्व्हिस. मी सेटर, १ नंबरला, म्हणजे मागे उजवीकडे. माझ्या पुढे २ नंबरला आमचा डावखुरा मारणारा. मला नेटपाशी लवकर पोचायचं होतं म्हणून मी आधीच पुढे सरकून उभा. आणि डावखुऱ्याला वाटलं सर्व्हिस लांब येणार, तो रिसीव्हला चार पावलं मागे गेला. बॉल अजून नेटही ओलांडून आला नव्हता आणि शिट्टी. पॉइंट त्यांचा. आम्ही बोंबललो, अहो झालं काय, कोणी हातसुद्धा लावला नाही! अंपायरने शांतपणे एक बोट खाली करून हवेत गोल फिरवलं. रोटेशन फॉल्ट. ते गोल बोट मला आजही दिसतं.

काय झालं होतं ते सांगतो, कारण सुरुवातीच्या दाटीवाटीचं उत्तर यातच आहे. समोरून सर्व्हिस सुटते त्या क्षणी रिसीव्ह करणाऱ्या टीमने आपापल्या क्रमाने उभं असायला लागतं. पण क्रमाने म्हणजे ठरलेल्या चौकटीत नाही, फक्त शेजाऱ्याच्या हिशोबाने. मागच्या माणसाने आपल्या बरोबर पुढच्या माणसाच्या मागे असायचं, १ ने २ च्या मागे, ६ ने ३ च्या, ५ ने ४ च्या. आणि रांगेत डावे-उजवे बदलायचे नाहीत, ३ ने ४ आणि २ च्या मध्ये, ६ ने ५ आणि १ च्या मध्ये. झालं. मोजतात ते पायांवरून, डोकं किंवा हात कुठे आहेत याच्याशी घेणंदेणं नाही. तिरक्या शेजाऱ्याशीही संबंध नाही, म्हणजे १ वाला ३ च्या पुढे उभा राहिला तरी चालेल. त्यामुळे २ नंबरवाला मागे आला तर १ नंबरच्या सेटरने पण त्याच्या मागेच राहायला पाहिजे. माझा पाय त्याच्या पायाच्या पुढे होता, विषय संपला. आता टीव्हीवर बघा, सेटर बऱ्याचदा एखाद्याच्या खांद्यामागे दडल्यासारखा उभा असतो, तो तिथे लपलेला नसतो, शिट्टी वाजू नये इतकाच मागे आणि पळता येईल इतका पुढे असतो. त्या दाटीत प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्याच्या पायाकडे बघून उभा असतो.

सहा घरांपैकी तीन घरांत सेटर मागे असतो आणि तीनमध्ये पुढे, आणि या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सेटर मागच्या रांगेत असेल तर पुढे तीन मारणारे मोकळे, समोरच्या ब्लॉकची त्रेधा. सेटर पुढच्या रांगेत असेल तर पुढचे मारणारे दोनच उरतात, पण मग सेटर स्वतः दुसऱ्याच टचला बॉल पलीकडे टाकू शकतो, सगळे उडी मारायच्या तयारीत असतात आणि हा हळूच टोपी घालतो. शिवाय मागून तीन मीटरच्या रेघेमागून मारणारा ठेवतातच. मोठ्या टीम साधारण एक सेटर आणि पाच मारणारे असं खेळतात, आणि सेटरच्या बरोबर समोरच्या घरात, म्हणजे तीन घरं लांब, त्यांचा सगळ्यात जोरकस मारणारा असतो, ऑपोझिट. सेटर मागे गेला की तो पुढे. पण यातही गंमत आहे, सेटर १ वर असला की ऑपोझिट येतो ४ वर, डावीकडे, आणि त्याची सवय असते उजवीकडून मारायची. सर्व्हिस येईपर्यंत त्याला उजवीकडे जाता येत नाही, आणि लगेच बॉल आला तर बिचारा डावीकडूनच मारतो. काही टीमची या एकाच घरात धडाधड चार-पाच पॉइंटची घसरण होते, आणि कोच टाइम आऊट घेतो. सेट का फिरला हे कळत नसेल तर आधी सेटर कुठल्या घरात होता ते बघा.

आणि मग तो वेगळ्या रंगाचा शर्ट घातलेला. लिबेरो. १९९८ पासून आंतरराष्ट्रीय खेळात आला. हा फक्त मागच्या रांगेत खेळतो, नेटच्या वरच्या उंचीवरचा बॉल मारायचा नाही, ब्लॉक करायचा नाही, आंतरराष्ट्रीय नियमांत सर्व्हिसही करायची नाही. पण याला आत-बाहेर करायला सबस्टिट्यूशन लागत नाही, नाहीतर एका सेटला सहाच मिळतात. बहुतेक वेळा तो त्या उंच मधल्या ब्लॉकरच्या जागी येतो, ब्लॉकर मागच्या रांगेत गेला आणि त्याची सर्व्हिस संपली रे संपली की हा आत. म्हणजे माझ्या मते ही नियम बनवणाऱ्यांनीच दिलेली पळवाट आहे. सगळ्यांनी सगळं करा हे सांगून सांगून थकले, शेवटी म्हणाले बरं बाबा, हा घ्या एक रिसीव्हचा स्पेशालिस्ट. मला तरी यात वावगं वाटत नाही, रॅली लांबल्या, बघायला मजा वाढली. रंग वेगळा कारण अंपायरला लांबून कळायला पाहिजे की हा कोण.

सर्व्हिसबद्दल दोनच गोष्टी. एक, उडी मारून जोरात, बॉलला पुढे फिरकी देऊन मारलेली, ती वरून येते आणि एकदम खाली बसते. मोठ्या स्पर्धांत पुरुषांची अशी सर्व्हिस ताशी १२० किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणजे रिसीव्ह करणाऱ्याला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ. दुसरी फ्लोटर, दिसायला अगदी गरीब. तळहाताने बॉलच्या मध्यावर टक्कन मारायचं, हात पुढे न्यायचा नाही, म्हणजे बॉल फिरतच नाही. न फिरणाऱ्या बॉलवर हवा दोन्ही बाजूंनी सारखी सुटत नाही, शिवण समोर कशी आलीय त्यावर तो मध्येच डावीकडे उजवीकडे डोलतो. क्रिकेटमधला नकल बॉल आठवा, तोच प्रकार. आमच्यासारख्या लोकांनी उगाच उडीच्या नादी न लागता हीच शिकावी.

ब्लॉकचं एक लोकांना माहीत नसतं, ब्लॉकला लागलेला टच मोजत नाहीत. ब्लॉकला लागून बॉल आपल्याकडे आला तरी पुढे पूर्ण तीन टच मिळतात, आणि ज्याने ब्लॉक केला तोच पहिला टच पण करू शकतो. उलट मारणाऱ्याला ब्लॉक चुकवायचाच असतो असंही नाही, हुशार मारणारा मुद्दाम ब्लॉकरच्या बोटांच्या टोकाला मारतो, बॉल लागून बाहेर जातो, पॉइंट मारणाऱ्याचा. बघणारे म्हणतात आऊट मारला, आणि पॉइंट त्यालाच कसा?

स्कोअरचं सोपं आहे. सेट २५ चा, दोन पॉइंटची आघाडी पाहिजे, तीन सेट जिंकले की मॅच, २-२ झालं तर पाचवा सेट १५ चा. २०२३ च्या हांगझोउ एशियन गेम्समध्ये आपल्या मुलांनी दक्षिण कोरियाला ३-२ हरवलं तेव्हा शेवटचा सेट १७-१५ ला संपला, तो याच दोनच्या आघाडीमुळे. पूर्वी सर्व्हिस ज्याची त्यालाच पॉइंट मिळायचा, दुसऱ्याने रॅली जिंकली तर फक्त सर्व्हिस चेंज, त्यामुळे मॅच कधी संपेल याचा नेम नसायचा. आता प्रत्येक रॅलीला पॉइंट. आमच्याकडचे जुने लोक अजून बॉल पडला की "सर्व्हिस चेंज!" ओरडतात, पॉइंट पोरं लिहितात.

सोसायटीत किंवा गावात नवीन टीम करत असाल तर एक सेटरवालं काही करू नका, आमच्यासारखं होईल. दोन सेटर ठेवा, समोरासमोरच्या घरात, म्हणजे १ आणि ४, २ आणि ५ किंवा ३ आणि ६. एक कायम पुढे असतो, एक कायम मागे. पुढे असेल त्यानेच दुसरा टच करायचा, मागून कोणी पळत यायचं नाही. मारणारे नेहमी दोनच राहतात, मान्य, पण शिट्टी वाजत नाही. आम्ही आता तसंच खेळतो, एक सेटर मी आणि दुसरा तो डावखुरा. त्याचा फायदाही झाला, तो पुढे उजवीकडे असला की डाव्या हाताने दुसराच टच पलीकडे मारतो, समोरचे बघतच राहतात. आणि सेटर असल्यामुळे त्याने रिसीव्हला मागे यायचा प्रश्नच उरला नाही. तालुक्याच्या त्या पॉइंटबद्दल मात्र त्याचं म्हणणं अजून तेच आहे, की तो मागे गेलाच नव्हता, मीच पुढे होतो.